शेवटच्या रांगेतली विहीण

पनवेल,
१२ सप्टेंबर २००८

दमयंतीबाई,

पत्राच्या वर ‘सप्रेम’ लिहायची रीत आहे. तीस वर्षं झेडपीच्या शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं, तेव्हा रीत मला ठाऊक आहे. पण आज पोटात प्रेम नाही, तर कागदावर कुठून आणू? नमस्कार तेवढा करते.

फोन का केला नाही, असं विचाराल. उरण काही परदेशात नाही आणि फोन दोघींच्या घरात आहे. पण आपल्या फोनची तऱ्हा अशी, की तुम्ही बोलता आणि मी ‘हो, हो’ म्हणते. माझी प्राची तुमच्या निकेशला दिल्यापासून मी हो-हो करते आहे. कागदावर मधेच कुणी तोडत नाही, म्हणून कागद घेतला.

विषय विमानातल्या खुर्चीचा आहे. हसू नका.

पोरांनी न्यू जर्सीत घर घेतलं, वास्तुशांतीला दोघी आयांना बोलावलं, तिकिटं पाठवली, सगळं कौतुकाचं. जाताना तुम्ही एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, म्हणून निभावलं. येताना मात्र तुमची खुर्ची बरोबर माझ्या पुढे आली आणि माझी रांग शेवटची. शेवटची रांग म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, तुम्ही मुलाकडच्या. त्या रांगेतल्या खुर्चीची पाठ मागे जात नाही, कारण मागे संडासाची भिंत असते.

विमान वर गेलं, दिवे मंद झाले आणि तुमच्या खुर्चीची पाठ माझ्या गुडघ्यांवर येऊन बसली. ती मुंबई येईपर्यंत उठली नाही. सोळा तास. जेवणाची फळी उघडली तर ती पोटाला टेकून तिरकी राहिली आणि वरण पदरात आलं. पाय तुमच्या खुर्चीखाली सरकवावेत तर तिथे कसला तरी लोखंडी डबा बसवलेला. मांडी घालून बसायची जन्माची सवय मला, तिथे एक पाय दुसऱ्यावर टाकायची सोय नव्हती. डावीकडे एक गृहस्थ माझ्या खांद्यावर मान टाकून घोरत होते, उजवीकडे एक बाई तान्हं घेऊन अवघडून झोपलेली. संडास पाठीशी, पण पोचायचं तर यांच्यापैकी एकाला ओलांडून. म्हणून मी पाणीच प्यायले नाही. आणि ज्यांना जायचं होतं ते रांग लावून माझ्या डोक्याशी, माझीच खुर्ची धरून उभे.

पनवेल-उरण एस.टी.च्या शेवटच्या बाकावर मी कित्येकदा बसले आहे. हाडं खिळखिळी होतात, पण गुडघे आपले आपल्याकडे राहतात.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं होतं. काय सांगायचं होतं? मुलीच्या आईनं विहिणीच्या खांद्यावर बोट ठेवून ‘जरा पुढे व्हा’ म्हणायचं? लग्नात मानाच्या साडीचा रंग तुम्हाला रुचला नाही, तेव्हा भर मांडवातून मी पनवेलच्या बाजारात माणूस पिटाळला होता. तिथे बोलले नाही, ती विमानात काय बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मुलीच्या आईची जागा कायम शेवटच्या रांगेत. पुढचे सगळे एकामागून एक रेलतात, आणि तिच्या मागे भिंत.

मुंबईला उतरून तुम्ही गाडीत बसून उरणला निघून गेलात. मी सगळ्यांच्या शेवटी बाहेर आले तेव्हा माझा मुलगा जीवन तेवढा उभा होता. त्याने विचारलं, “निकेशची आई कुठं हाय?” मी म्हटलं, घरी चल.

गणपतीला उरणला आले नाही, त्याचा राग आला असेल तर येऊ द्या. येण्यासारखं नव्हतं.

रंभा भोईर


उरण,
१९ सप्टेंबर २००८

रंभाबाई,

पत्र मिळालं. पाकिटावर तुमचं नाव बघून वाटलं, कुणाच्या लग्नाची पत्रिका असेल.

मी सातवी शिकलेली. तुमच्यासारखं मांडून लिहिता येत नाही. पण ऐकून घ्यायचीही सवय नाही, म्हणून लिहिते.

सोळा तास माझ्या पाठीत कोण ढोसत होतं? ते सांगा आधी. सुरुवातीला वाटलं विमान हलतंय. मग कळलं, हे गुडघे आहेत आणि विहीणबाईंचे आहेत. मणक्याच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक. डोळा लागला की ढोस. वास्तुशांतीला प्राचीने डब्यातला गोठवलेला नारळ काढला आणि मी तिला चार माणसांसमोर बोलले, तुमचा चेहरा मी तेव्हाच बघितला होता. मला वाटलं, त्याचं उट्टं काढतायत. मग मीही रेटलं. हो, रेटलं. कुणी ढोसलं तर सरकून जागा द्यायची आम्हा उरणकरांची रीत नाही.

आणि खुर्ची मी हौसेने मागे टाकली काय? माझ्या पुढे एक आडदांड गोरा होता. त्याने पाठ टाकली ती सरळ माझ्या नाकाशी. समोरचा टीव्ही इतका जवळ आला की माणसं दिसेनात, नुसते ठिपके. छाती कोंडली. त्याला काय बोलू, मला येते तेवढी इंग्रजी ‘थँक्यू’पुरती. मग हाताखालचं बटण दाबलं. त्याला काय माझ्या नाकावर झोपवून घेऊ?

एअरपोर्टचं म्हणाल, तर आमचे हे गाडी घेऊन आले होते आणि आम्ही थांबलो होतो. चांगले थांबलो होतो. सगळं विमान बाहेर आलं, तुम्ही नाही. मी म्हटलं, “विहीणबाई मागं रायल्यात, थांबू या.” हे म्हणाले, “त्यांना आपल्याबरोबर यायचं नाय, तुला दिसत नाय का? चल.” मुद्दाम रेंगाळलात आणि वर बोल आम्हाला.

आता मोठ्या माणसांसारखं वागू. प्राचीला दिवस गेलेत, तुम्हाला कळलंच असेल. तिथे जन्मलं की तिथला पासपोर्ट मिळतो म्हणे, पण पोरीला पहिलं बाळंतपण माहेरी हवंय आणि तिचं बरोबर आहे. फेब्रुवारीत, सातव्यात, येईल. मी इथे डोहाळजेवण करते, ओटी भरते आणि तुमच्याकडे आणून सोडते. रीतीप्रमाणे. तोवर हे खुर्चीचं भांडण मिटवा, पोराच्या बारशात मला आंबट तोंडं नकोत.

दमयंती घरत


पनवेल,
१ ऑक्टोबर २००८

दमयंतीबाई,

तुमचा गोरा वाचला आणि लग्नानंतर पहिल्यांदा तुमची दया आली.

त्याच्याही पुढे कुणी रेललं असेल, त्याच्या पुढे आणखी कुणी. सगळ्यांत पुढे तो पडदा, आणि पडद्यापलीकडे माणसं पाय पसरून झोपलेली. चढताना आपल्याला त्यांच्या मधूनच नेलं होतं, बघून ठेवा म्हणून. म्हणजे कंपनीने जागा चोरली आणि भांडण आपल्यात लावून दिलं. जो तो पुढच्याच्या नावाने बोटं मोडतो, कंपनीचं नाव कुणी घेत नाही.

पण गुडघ्यांचं ऐकून घेणार नाही. मी उंच आहे. ‘विहीण खांबासारखी’ असं तुमच्याकडच्या बायका मांडवात म्हणाल्या ते मी ऐकलं होतं. त्या खांबाला दुमडून ठेवायला विमानवाल्यांनी वीतभर जागा दिली. मी ढोसलं नाही. माझे गुडघे होते तिथेच होते, तुमची पाठ चालून आली.

आता प्राचीबद्दल. तिने येऊ नये. बाळंतपण तिकडेच होऊ द्या. तिलाही मी फोनवर हेच सांगितलं आहे. कारण विचारू नका.

रंभा


उरण,
११ ऑक्टोबर २००८

रंभाबाई,

पत्र दोनदा वाचलं. मग आमच्या यांना वाचून दाखवायला लावलं, म्हटलं मला अक्षर लागत नसेल. त्यांनीही तेच वाचलं.

तुम्ही आगरी, आम्ही आगरी. आपल्या कोणत्या घरात आईने पहिलटकरणीला ‘येऊ नको’ म्हणून सांगितलं, ते मला दाखवा. मिठागरावर राबणारी बाई, पायाला मिठाने भेगा पडलेल्या, तीसुद्धा पहिल्या खेपेला लेकीला घरी आणते, एक वेळ स्वतः उपाशी राहते आणि लेकीला तूप घालते. तुम्ही मास्तरीण. पेन्शन आहे, दुमजली घर आहे, मुलगा-सून हाताशी आहेत. तुम्हाला काय जड झालं?

प्राची फोनवर रडली. म्हणाली, “मी आयेला नको हाय.” सासू असून मला तिची समजूत घालावी लागली. काय समजूत घालू? मी खोटं सांगितलं, आईची तब्येत बरी नसेल.

मला कळतंय हे कुठून आलं ते. माझ्यावरचा राग तुम्ही पोटुशा पोरीवर काढताय. चोर सोडून संन्याशाला सुळी. एका खुर्चीपायी, रंभाबाई, एका खुर्चीपायी तुम्ही लेकीला माहेरचं दार लावलंत. तुम्हाला शिकलेली समजत होते.

ठीक आहे. बाळंतपण मी करते, उरणला, सासरी. लोक विचारतील, माहेर काय मेलं काय? तेव्हा मी तोंडाने काही सांगणार नाही. तुमचं पत्र काढून दाखवीन.

दमयंती


पनवेल,
१८ ऑक्टोबर २००८

दमयंतीबाई,

दाखवा. सोबत हेही दाखवा.

विमान थांबलं आणि मी उठायला गेले, तर डावा पाय माझा नव्हताच. खाली टेकेना. पोटरी फुगून चप्पलचा पट्टा आत रुतलेला. सगळे उतरले तरी मी बसून. शेवटी त्यांच्या माणसांनी चाकाची खुर्ची आणली. मी रेंगाळले नव्हते, मला चालता येत नव्हतं. तुम्ही मागे वळून पाहिलं असतं तर तुम्हालाही दिसलं असतं.

दोन दिवस मी तेल लावून शेकत बसले. गणपतीच्या आदल्या दिवशी दम लागायला लागला, तेव्हा जीवनने उचलून दवाखान्यात नेलं. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचा एक तुकडा छातीकडे निघाला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस घरी शेकत बसला असता तर आम्हाला काही करता आलं नसतं. खाली रस्त्यावर आरत्या चाललेल्या आणि वर माझ्या पोटात सुया. कशाने झालं विचारलं, तर म्हणाले, एवढा वेळ पाय न हलवता, पाणी न पिता एका जागी बसलं की एखाद्याला होतं. न हलवता म्हणे. हलवायला जागा कुणी दिली होती?

मग मी त्यांना विचारलं, गरोदर बाई अशी सोळा तास बसली तर? ते म्हणाले, गरोदरपणात गुठळीचा धोका जास्तच. माझं तिथे पलंगावरच ठरलं. ज्या खुर्चीने मला मरणाच्या दारात नेलं, तिच्यात माझी लेक सात महिन्यांचं पोट घेऊन बसणार नाही. मी वाईट आई ठरले तर ठरले.

तुम्हाला का सांगितलं नाही? कारण विहिणीने रेटलं आणि विहीण मरता मरता वाचली, अशी बातमी उरणपासून पनवेलपर्यंत फिरली असती, आणि तिचा त्रास माझ्या पोरीला झाला असता. तिला का सांगितलं नाही? तिला कळलं असतं तर मला बघायला ती पुढच्या विमानाने निघाली असती. कुठल्या खुर्चीत बसून निघाली असती, ते तुम्ही जाणताच.

मला ती इथे हवी आहे. तुम्हाला वाटतं त्याच्या शंभरपट हवी आहे. तिला कळा येतील तेव्हा मी तिच्याजवळ असावं, एवढं एकच मला आता हवं आहे. सहा महिने विमान बंद सांगितलंय. ते मार्चमध्ये संपतात आणि ती एप्रिलअखेर बाळंत होईल. डॉक्टरांनी सोडलं तर मी जाईन. नाही सोडलं तरी जाईन.

हे वाचून फाडा. प्राचीला कळता कामा नये.

रंभा


उरण,
२० नोव्हेंबर २००८

रंभाबाई,

फाडलं नाही. आणि महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की लिहिलेलं माझंच फाडून टाकायचे.

तुमचा मला फार राग आलाय. आमच्या आळीत म्हैस आजारी पडली तरी माणसं विचारून जातात. तुम्ही दवाखान्यात मरणाशी झुंजता आणि तासाभरावर असलेल्या विहिणीला कळवत नाही. मी इकडे गणपतीपुढे बसून बायकांना सांगत होते, बघा, आमच्या विहीणबाईंना किती ताठा आहे. आणि मी रेटत होते. तुमच्या पायावर मी भार देऊन रेटत होते. ते मी आता कुठे नेऊन टाकू, सांगा.

बसवेना, म्हणून विमान कंपनीला पत्र पाठवलं. आमच्या ट्रकच्या ऑफिसात कुंदन आहे, त्याला इंग्रजी येतं. मी सांगितलं तसं त्याने लिहिलं, शिव्या गाळल्या. तुमचं नाव घातलं नाही, एका बाईचा पाय गेला होता एवढंच लिहिलं. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं. प्रवाशांचा आराम आम्हाला प्रिय आहे. झालेल्या गैरसोयीचा खेद आहे. आमच्या सर्व खुर्च्या नियमात बसतात. प्रवाशांनी अधूनमधून पायांची हालचाल करावी.

खुर्च्या नियमात बसतात. माणूस त्या खुर्चीत बसत नाही, त्याचं काय? कुंदन म्हणाला, “काकी, सोडून द्या, ते असंच लिहितात.” मी म्हटलं, अजून एक लिही आणि या वेळी काही गाळू नको. त्याला उत्तर आलेलं नाही.

प्राचीचं म्हणाल, तर निकेशला मी एवढंच सांगितलं, की विमानप्रवासाचं डॉक्टरणीला विचार. तुमचा विषय काढला नाही. पडद्यापुढच्या जागेचे पैसे लागले तर मी देते, असंही म्हटलं. तर डॉक्टरणीने तिचं ब्लडप्रेशर बघितलं आणि सांगितलं, पडद्याच्या पुढेही नको आणि मागेही नको. तेव्हा ती येत नाही, आणि ते डॉक्टरणीमुळे. उरणात मी तसंच सांगितलंय. प्राचीलाही सांगितलं, आयेला तुझ्या तब्येतीची काळजी होती म्हणून नको म्हणाली. तिने ऐकून घेतलं. तुम्ही तिला फोन करा.

आणि ‘नाही सोडलं तरी जाईन’ असलं मास्तरणीने लिहू नये. शाळेत पोरांनी असं लिहिलं असतं तर छडी मारली असतीत.

दमयंती


पनवेल,
२४ मार्च २००९

दमयंतीबाई,

नाही सोडलं.

काल तपासणी झाली. पायाची सूज गेलेली नाही, शीर अजून पुरती मोकळी नाही. मी डॉक्टरांशी भांडले. म्हटलं, मोजे घालते, गोळ्या घेते, वाटलं तर सगळा प्रवास उभी राहून करते. ते म्हणाले, “आजी, उभं राहू देत नाहीत विमानात.” बसू देत नाहीत आणि उभंही राहू देत नाहीत. मग माणसाने करायचं काय? जीवनने माझा पासपोर्ट कपाटात घालून किल्ली खिशात टाकली आहे. आईचा भरवसा नाही म्हणतो, आणि खरंच नाही.

इतका संताप मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. कुणीतरी ऑफिसात बसून विमानाचा नकाशा पुढे घेतला, म्हणाला, इथे आणखी एक रांग बसते, आणि बसवली. त्या माणसाला मी दिसले नाही. त्याने ती रांग माझ्या लेकीच्या बाळंतपणातून कापून काढली, हे त्याला मरेपर्यंत कळणार नाही.

तुम्ही जा. पहिलं बाळंतपण सासूच्या हातून करायची आपल्यात रीत नाही. मोडते तर मोडू दे.

जीवन उद्या पिशवी आणून देईल. त्यात हाळीव, डिंक, सुंठ आणि वावडिंग आहे. जुन्या सुती लुगड्यांची दुपटी आहेत, मऊ आहेत, तिथल्या नव्या कोऱ्या कपड्यात बाळाला गुंडाळू नका. प्राचीला भिंतीकडे तोंड करून झोपायची सवय आहे, त्याचा अर्थ रुसली असा घेऊ नका. आणि दुखलं की ती बोलत नाही, ओठ चावते. तिच्या ओठांकडे लक्ष ठेवा.

विमानात पाणी प्या. सारखं उठा. कुणाला ओलांडावं लागलं तर ओलांडा, लाज धरू नका. मी धरली.

रंभा


न्यू जर्सी,
२ मे २००९

रंभाबाई,

फोनवर तुम्हाला सगळं कळलंच आहे. पण एक गोष्ट फोनवर सांगवेना. तुमच्यासारखा मीही कागद घेतला.

आधी विमानाचं. कंपनी तीच, जागा तीच, खुर्ची तीच, लोखंडी डबाही तोच. मी बसलेच नाही म्हटलं तरी चालेल. जेवणं झाली की उठायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. शेजारच्याने तोंड वाकडं केलं, करू दे. एक हवाईसुंदरी हिंदीत म्हणाली, माताजी, बैठ जाइए. मी म्हटलं, बैठने को जगह दो, बैठती हूँ. ती गेली निघून. पडद्यापलीकडे डोकावले तर तिथल्या दुसरीने मला परत पाठवलं. तिथे सहा खुर्च्या रिकाम्या होत्या. माणूस नसला तरी जागा रुंद.

आता ते.

कळा पहाटे सुरू झाल्या. इथे आत जाऊ देतात. एका बाजूला निकेश, एका बाजूला मी. पोरगी तुम्ही लिहिलं तशीच. तोंडातून शब्द नाही, खालचा ओठ दाताखाली. डॉक्टरीण विचारते, दुखतंय का, तर मान हलवून नाही म्हणते. मी ओल्या फडक्याने ओठ पुसत होते, रक्त आलं होतं. असं दुपारपर्यंत. आणि मग शेवटी तिने हाक मारली. “आये” म्हणून, अशी मोठ्याने, की बाहेरची नर्स आत आली.

मला ती ‘आई’ म्हणते. ते सासूला म्हणायचं आई, ते मला ओळखू येतं. ही हाक ती नव्हती. निकेश माझ्याकडे बघायला लागला. तुम्ही तिथे नव्हतात. आणि अशा वेळी मारलेली हाक रिकामी जाऊ द्यायची नसते, रंभाबाई. मी ओ दिली. म्हटलं, “ओ. हाय मी हितं.” तिने परत हाक मारली, मी परत ओ दिली. तिचे डोळे मिटलेले होते. तिला कोण वाटलं ते मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. मग मुलगी झाली.

तुमची हाक होती, तुमच्या वतीने घेतली. राग मानू नका.

दमयंती


पनवेल,
१४ मे २००९

दमयंतीबाई,

राग मानू नका म्हणता. मानला.

पत्र जीवनला वाचायला दिलं नाही. स्वयंपाकघराचं दार लोटून आधी रडून घेतलं आणि मग मानला. ती हाक माझी होती. पडली, झडली, ताप आला, परीक्षेत नापास झाली, प्रत्येक वेळी ती मी ऐकली आणि प्रत्येक वेळी धावत गेले. आणि जन्मात सगळ्यांत मोठ्याने तिने ती मारली, तेव्हा मी इथे पाय उशीवर टाकून पंख्याकडे बघत पडले होते. गुडघ्यापुढच्या वीतभर जागेची किंमत कंपनीने काय धरली, मला माहीत नाही. मला ती एवढी पडली. तो राग मी सोडणार नाही. कुंदनकडून तिसरं पत्र लिहून घ्या. या वेळी माझं नाव घाला, पायाचं घाला, हाकेचं घाला, आणि काही गाळायला सांगू नका.

तुमच्यावर मात्र तो नाही. तुम्ही ओ दिली नसती आणि माझी पोर त्या खोलीत रिकामी हाक मारत राहिली असती, तर तुम्हाला मी कधीच माफ केलं नसतं.

नातीला मला दाखवायला म्हणून एवढ्यात आणू नका. तिला मांडीवर घेऊन प्राची त्या खुर्चीत बसायची नाही, हे निकेशला बजावून सांगा. पाय बरा झाला की मीच येईन.

तोवर प्राची ‘आये’ म्हणाली, की ओ देत जा.

रंभा